काळ्या रानातलं तारेचं कंपाउंड आणि चोचवाली पक्कड

तारेच्या कंपाउंडसाठी मिळणारी दहा इंची फेन्सिंग प्लायर मी गेल्या हिवाळ्यात मागवली. तेव्हापासून ती आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातल्या रानात कामाला आहे. जुनं कंपाउंड उसवायचं असेल, तुटलेली तार जोडायची असेल, दर साल धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, फिरून डागडुजी करायची असेल, तर हे अवजार घ्याच. पण सगळे खांब सिमेंटचे आणि काम नव्यानं उभं करायचं, असं असेल तर हिचे निम्मे गुण वाया जातात. ते पैसे तार ओढायच्या पुलीत घाला. दोन्ही गोष्टी का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण विकणाऱ्यांच्या पानावर सगळीकडे 'एका अवजारात सात कामं' एवढंच असतं. त्यातली कोणती कामं आपल्या रानात पडतात, हे तिथं कुणी सांगत नाही.

आधी वस्तू काय आहे ते. हिच्या डोक्याला एका बाजूनं हातोडीसारखं चपटं तोंड आहे आणि दुसऱ्या बाजूनं वाकडी, टोकदार चोच. सांध्याच्या दोन्ही कडांना तार कापायच्या खाचा आहेत. जबड्यात आतल्या बाजूला तार धरायला दाते आहेत. दोन दांड्यांच्या मध्ये, सांध्याच्या अगदी खाली, सुताराच्या जंबुरासारखी एक पकड आहे. दांडे मिटले की तिथं खिळा आवळला जातो. वजन साडेसहाशे ग्रॅम भरलं. आखाडा बाळापूरच्या दुकानांत विचारलं, नांदेडलाही दोन-तीन ठिकाणी विचारलं, पण सगळ्यांनी साधी पक्कड नाही तर जंबूरच काढून दाखवला. शेवटी ऑनलाइन मागवली, अकराशेच्या आसपास पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच साच्यातली पक्कड पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकली जाते आणि आज जे नाव दिसतं ते पुढच्या सालाला दिसेलच असं नाही. म्हणून नावापेक्षा घडण बघा. घडण कशी बघायची ते शेवटी सांगते.

काटेरी तारेचं पेटंट 1874 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला मिळालं. दोन तारांना पीळ द्यायचा आणि त्या पिळात काटा अडकवून ठेवायचा, म्हणजे तो सरकत नाही, ही त्याची युक्ती. आपल्या धुऱ्यावरची तार आजही तशीच आहे. तिकडं खांब लाकडाचे आणि तार यू खिळ्यानं, म्हणजे इंग्रजी U सारख्या वाकलेल्या दोन पायांच्या खिळ्यानं, ठोकायची रीत, आणि ही पक्कड त्याच रीतीसाठी घडवलेली आहे. हातोडी, चोच, मधली पकड हे तिन्ही भाग यू खिळ्यासाठीच आहेत. आपल्याकडं खांब सिमेंटचा, तार बांधायची ती बाइंडिंग तारेनं, म्हणजे बारीक मऊ तारेनं, तिथं यू खिळ्याचा संबंधच येत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की हिच्याकडून काय अपेक्षा करायची ते आपोआप कळतं.

आमच्या रानात दोन्ही तऱ्हेचे खांब आहेत. रस्त्याकडची बाजू सिमेंटच्या पोलची. ओढ्याकडची बाजू बाभळीच्या खांबांची, मधेमधे धुऱ्यावरच्या उभ्या कडुलिंबालाच तार ठोकलेली. हा ओढा पुढं कयाधू नदीला मिळतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात ओढ्याचं पाणी रानात शिरलं आणि ती सगळी बाजू आडवी झाली. पाण्यानं तार तुटत नाही. तारेत धाटं, काट्याकुट्या, वाहून आलेलं प्लॅस्टिक अडकत जातं, त्याची भिंत तयार होते आणि मग पाण्याचा सगळा रेटा खांबांवर येतो. पाणी ओसरल्यावर गाळात रुतलेली, एकमेकींत गुरफटलेली तार आणि उपटलेले खांब तेवढे उरले होते. तार मात्र बरीचशी चांगली होती. 12 गेजची, जस्ताचा मुलामा अजून शाबूत असलेली. किलोच्या भावानं विकत घेतलेली वस्तू चिखलात सोडून द्यायला मन होईना, म्हणून ती सोडवून परत वापरायची ठरवली आणि त्यासाठी ही पक्कड आणली.

आमच्या आखाड्यावरचे, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचे, मामा, जे सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडं आहेत, त्यांनी पक्कड हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "बाई, हे चोचवालं कामून मागवलं? आपली सब्बल हाय की." सब्बलीनं यू खिळा निघतो, नाही असं नाही. पण सब्बलीचं टोक जाड. ते खिळ्यामागं घालायचं तर लाकूड फोडावं लागतं, खांबाची ढलपी निघते, आणि तारेला अशी मुरड पडते की तिथून ती पुढच्या साली तुटते. या पक्कडीची चोच खिळ्याच्या कमानीत, तारेच्या शेजारून, सरळ आत जाते. चोच लावायची, मागच्या चपट्या तोंडावर दुसऱ्या हातोडीनं दोन टोले द्यायचे, की चोच कमानीत घुसते. मग दांडे खाली दाबले की खिळा करकर करत वर येतो. अर्धा आला की चोच काढायची, दांड्यांमधल्या पकडीत त्याला धरायचं आणि डोकं खांबावर टेकवून कलंडवायचं. खिळा अख्खा बाहेर. सरळ असेल तर परत वापरता येतो.

हे काम मी स्वतः केलं आणि मला त्यात खरोखर समाधान वाटलं. वाळलेल्या बाभळीत वर्षानुवर्षं बसलेला गंजका खिळा साध्या पक्कडीनं काढायला गेलं की पक्कड निसटते आणि बोटं तारेच्या काट्यावर जातात. इथं तसं होत नाही, कारण जोर दांड्यांवर खालच्या दिशेनं असतो आणि हात तारेपासून वीतभर लांब राहतो. फक्त एक सांभाळा. दांडे जोरात मिटताना तळहाताची कातडी मधल्या पकडीत सापडते. हातमोजे असले तरी कळ लागते. दांडा अगदी टोकाला धरायचा, सांध्याजवळ नाही.

लिंबाच्या झाडाचं वेगळं. उभ्या झाडाला ठोकलेला खिळा झाड दोन-चार सालांत सालीखाली घेतं, नंतर तारही आत जाते. तिथं चोच पोचत नाही, आणि साल कोरून खिळा काढणं म्हणजे झाडाला जखम करणं. आम्ही दोन्ही बाजूंनी तार कापली आणि मधला तुकडा झाडातच राहू दिला. मात्र त्या झाडांना बुंध्याशी रंगाची खूण केली. उद्या ते लाकूड आरा मशीनवर गेलं आणि आतल्या खिळ्यावर पातं आलं, तर पातं तुटून माणसाला लागू शकतं. ज्यांच्या धुऱ्यावर अशी झाडं असतील त्यांनी ही खूण जरूर करावी. आता नव्यानं आम्ही झाडाला थेट तार ठोकत नाही. आधी एक फळी बांधतो आणि खिळे त्या फळीत मारतो.

आता कापणं. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात हेच असतं, म्हणून यावर जास्त बोलते. आपल्याकडची काटेरी तार बहुतेक 12 किंवा 14 गेजची. 12 गेज म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर, 14 गेज म्हणजे दोन. ही मऊ पोलादाची तार, आणि ती ही पक्कड चांगली कापते. खाच सांध्याला लागूनच असल्यामुळं जोर कमी लागतो. तार खाचेत शेवटपर्यंत, अगदी तळाला घालायची. टोकाला धरून दाबलं तर तार चेपते आणि खाचेच्या कडेला दात पडतो. आणि दोन पिळांची तार एकदम कापू नये. पीळ थोडा उलगडून एकेक धागा कापला तर माझ्यासारखीच्या हातालाही जड जात नाही.

हाताचं मुद्दाम लिहिते, कारण पक्कडीबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना हे जाणवत नाही. पक्कड पूर्ण उघडली की दोन दांड्यांमध्ये एवढं अंतर पडतं की माझा एक हात दोन्हीकडं पोचत नाही. आत स्प्रिंगही नाही, म्हणजे दर वेळी दोन्ही हातांनी उघडायची. बायांनी एका हातानं कापायची जिद्द धरू नये. एक दांडा खांबाला किंवा जमिनीवरच्या ओंडक्याला टेकवायचा आणि दुसऱ्यावर अंगाचा भार द्यायचा. तार सहज तुटते. आमच्या बचत गटातल्या चार-पाच जणींनी असंच काम केलं. ज्यांचे हात मोठे त्यांना अडचण नाही. कंपनीनं याच जातीची आठ इंची काढली तर मी ती आधी घेईन.

झटका मशीनच्या तारेला मात्र ही पक्कड लावू नका. डुकरांपायी आता गावोगावी बॅटरीवर आणि सोलरवर चालणारी, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीनं आली आहेत. त्यांना कुणी क्लच वायर लावतं, कुणी कडक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार. क्लच वायर बारीक धाग्यांची आणि कडक पोलादाची असते. या पक्कडीच्या खाचेत ती कापली जाण्याऐवजी चिरडते, धागे विस्कटतात, आणि एखादा धागा बोटात घुसला तर काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. कडक तारेनं खाचेची धार बोथट होते, आणि ती धार घरी लावता येत नाही. तार मऊ की कडक हे ओळखायला टोक वाकवून बघायचं. वाकवल्यावर तशीच राहिली तर मऊ; झटकन मागं आली तर कडक. कडक तारेला वेगळा कटर ठेवा.

याच ओघात जिवाच्या दोन गोष्टी. दांड्यांवर जे लाल-काळं प्लॅस्टिक आहे ते हात घसरू नये म्हणून आहे, विजेपासून वाचवायला नाही. वीजकामाच्या पक्कडीच्या दांड्यावर 1000 व्होल्टचा शिक्का असतो, तो हिच्यावर नाही. झटका मशीनच्या तारेला हात लावायच्या आधी मशीन बंद करा, हिच्या भरवशावर राहू नका. आणि कुंपणात लाईनची वीज सोडण्याचा विचारही मनात आणू नका. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन थांबतं, लाईनचा करंट थांबत नाही. त्यात जनावर मरतं, शेजारचं लेकरू मरतं, रात्री पाणी द्यायला निघालेला घरचा माणूस मरतो. तो गुन्हाही आहे. डुकरानं भुईमूग उकरला तर किती जीव जळतो ते मला ठाऊक आहे, पण त्यावर हा उपाय नव्हे.

आता तार ओढून ताठ करणं. पक्कडीचे गोडवे गाणारे सांगतात की तार जबड्यात धरायची, डोकं खांबाला टेकवायचं आणि दांडा ढकलायचा, की तार ताणली जाते. होतं तसं, पण बोट-दोन बोटं. लाकडी खांबावर, शेजारी खिळा तयार ठेवून, ढिली पडलेली एखादी तार कसायला एवढं पुरतं. दुरुस्तीच्या फेरीत मी हेच करते. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची नवी तार हिनं ताठ होणार नाही. त्याला साखळीची पुली किंवा रॅचेट लागतं, नाही तर जुन्या पद्धतीनं सब्बलीला वेढा देऊन दोन गडी लावावे लागतात. सिमेंटच्या पोलवर तर डोकं टेकवूच नये, कडेचा टवका उडतो, आतली सळई उघडी पडते आणि पावसाळ्यात गंजून पोल फुगतो. टेकवायचंच असेल तर मधे लाकडाचा तुकडा धरा.

दुसरं, जबड्याचे दाते धारदार आहेत. धरलेल्या जागी तारेवरचा जस्ताचा मुलामा खरवडला जातो, आणि तार आधी तिथूनच गंजते. म्हणून मी जबड्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून तार धरते. पकड थोडी कमी होते, पण मुलामा वाचतो.

तार किती ताणायची, यावर आमच्या घरात दर साल वाद होतो. धाकटे भाऊजी म्हणतात, "वैनी, वाजली पाहिजे तार." मी म्हणते, महिना बघून ताणा. पोलाद उन्हानं लांबतं आणि थंडीनं आखडतं. तीस-पस्तीस अंशांचा फरक पडला तर शंभर मीटर तारेत साधारण चार सेंटिमीटर फरक पडतो, आणि आपल्याकडं पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत एवढा फरक असतोच. मेच्या दुपारी वाजेपर्यंत ओढलेली तार थंडीत कोपऱ्याच्या खांबाला आत खेचते. उन्हाळ्यात ओढायची असेल तर जरा सैल ठेवा, थंडीत ओढायची असेल तर घट्ट चालेल. यंदा भाऊजींनी ऐकलं, आणि ईशान्येचा कोपरा अजून सरळ उभा आहे.

खरं तर आपल्या भागात तार ढिली पडायचं मोठं कारण तारेत नाही, मातीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. हे दर साल होतं, आणि दर साल खांब थोडा थोडा कलतो. माळाच्या मुरमाड रानातलं कंपाउंड दहा वर्षं हलत नाही, आणि काळ्या रानातलं दोन पावसाळ्यांत दारुड्यासारखं झुकतं. म्हणून सात फुटी पोल दोन फूट तरी आत गेला पाहिजे. खड्डा त्याच काळ्या मातीनं बुजवू नका. मुरूम आणि खडी घालून ठोकत ठोकत भरा, कोपऱ्याच्या पोलला काँक्रीट करा आणि तिरका टेका द्या. एवढं केलं तर दुरुस्ती कमी लागेल, पण चुकणार नाही. हरभरा पेरून झाला की एक फेरी आणि मृगाच्या आधी एक, अशा दोन फेऱ्या आम्ही ठरवूनच टाकल्या आहेत, आणि त्या फेरीला ही पक्कड लागतेच. पूर्वी पिशवीत साधी पक्कड, हातोडी, जंबूर, कटर असं सगळं घेऊन जावं लागायचं. आता ही एक पक्कड, खिशात यू खिळे आणि खांद्यावर बाइंडिंग तारेचं वेटोळं. धुऱ्यानं चालणाऱ्या माणसाला हे ओझं कमी होणं फार मोलाचं आहे.

तुटलेली तार जोडायलाही ही चांगली आहे. दोन्ही टोकांना आकडा करायचा, एकमेकांत अडकवायचे, आणि उरलेली शेपटी चोचीच्या आधारानं मूळ तारेवर पाच-सहा वेढे गुंडाळायची. चोचीमुळं वेढा घट्ट आणि चिकटून बसतो. साध्या पक्कडीनं वेढे विरळ पडतात आणि ओढ बसली की सुटतात.

बाइंडिंग तार पिळायला मात्र ही नको. जबडा बोथट आणि रुंद, मधे चोच आडवी येते. सिमेंटच्या पोलवर तार बांधायला नाशिकच्या टापरिया कंपनीची आठ इंची साधी पक्कड जास्त सोयीची. त्याहून चलाख म्हणजे स्लॅबची सळई बांधणाऱ्यांकडं असतो तो हूक. तो स्वस्त मिळतो आणि त्याच्या दोन फिरक्यांत गाठ बसते. आमच्या रस्त्याकडच्या बाजूचं सगळं काम त्या हुकानं झालं, ही पक्कड तिथं तार कापायलाच काय ती बाहेर निघाली.

हातोडीच्या तोंडाबद्दल थोडक्यात. ओल्या किंवा मऊ लाकडात यू खिळा ठोकायला चालते. वाळलेल्या बाभळीचा गाभा इतका कठीण की साडेसहाशे ग्रॅमच्या टोल्यानं खिळाच मुरगळतो. तिथं खरी हातोडी घ्या. मात्र खिळा जबड्यात धरून पहिला टोला देता येतो, बोट वाचतं, हा फायदा मोठा. खिळा लाकडाच्या उभ्या रेषेला तिरका बसवा, दोन्ही पाय एकाच रेषेत गेले तर खांब चिरतो. आणि तार चेंगरेपर्यंत ठोकू नका. तार खिळ्यातून सरकली पाहिजे, म्हणजे रोही, म्हणजे नीलगाय, येऊन धडकला तर ओढ सगळ्या लांबीवर वाटली जाते.

रोह्याचं निघालंच आहे तर सांगते, चार तारांच्या कंपाउंडला रोही जुमानत नाही, उडी मारून जातो. डुक्कर खालून घुसतं, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा आणि ओढ्याच्या उतारावर जिथं जमीन खाली जाते तिथं आडवी एक तार वाढवा. आमची निम्मी दुरुस्ती या खालच्या तारेचीच असते.

ताणलेली तार कापताना समोर उभं राहू नका. ती चाबकासारखी मागं येते आणि तिला काटे असतात. खांबाच्या आडोशाला, बाजूला उभं राहायचं, कापायच्या जागेच्या दोन्ही बाजू कुणी तरी चामडी हातमोज्यानं धरायच्या किंवा आधी खांबाला बांधून घ्यायच्या. डोळ्यांना साधा चष्मा तरी हवाच. गंजक्या तारेचं ओरखडलं तर साबणानं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून यायचं. आमच्याकडं बाया "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून हळद लावून मोकळ्या होतात. हळद पिकवणाऱ्या तालुक्यातली मी, तरी सांगते, हळदीवर भागवू नका.

निगा काही फार नाही. काळी माती सांध्यात जाऊन वाळली की पक्कड जाम होते. रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवायची, पुसायची, सांध्यात दोन थेंब तेल सोडायचं. एकदा ती रात्रभर दवात राहिली तर चपट्या तोंडावर लगेच गंज धरला, म्हणजे वरचा लेप पातळ आहे. कापायच्या खाचा अजून चांगल्या आहेत. दांड्याचं प्लॅस्टिक एका बाजूनं सरकायला लागलंय, ते आम्ही बाइंडिंग तारेनं आवळून घेतलं. अकराशेच्या वस्तूला हे व्हायला नको होतं.

एकेका घरानं ही घ्यावीच असं माझं म्हणणं नाही. वर्षात दोन फेऱ्या आणि मधली तुटफूट एवढंच काम असेल तर बचत गटात मिळून एक घ्या. आमच्या गटात ती आता माझ्याकडं असते, आणि ज्यांना लागते त्या सांगून नेतात. सोबत एक पुली घेतली तर सगळ्या शिवाराचं काम भागतं.

मागवलीच तर पार्सल आल्याबरोबर पिशवी फोडून तपासा. मिटलेली पक्कड उजेडासमोर धरा. कापायच्या खाचांच्या दोन्ही कडा एकमेकींवर नीट आल्या पाहिजेत, फट दिसता कामा नये. सांधा हलवून बघा, वरखाली खेळत असेल तर तार कापली जाणार नाही, चेपेल. चोचीचं टोक बघा, बोथट असेल तर खिळ्याच्या कमानीत जाणार नाही. डोक्यावर रेघ किंवा केसाएवढी चीर दिसली तर ती ठोकताना फुटून डोळ्यात जाईल. मग घरातली 12 गेजची जुनी तार आणून एक धागा खाचेच्या तळाशी घालून कापा. स्वच्छ कापली तर ठेवून घ्या. चेपली तर परतीच्या मुदतीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी परत पाठवा, आणि फोटो काढायला विसरू नका.